ऊब : एका कामकरी शब्दाची कैफियत

मार्गशीर्ष लागला आणि निफाडचा पारा उतरल्याच्या वार्ता येऊ लागल्या, की आमच्या वृत्तपत्रांच्या स्थानिक पानांवर एक शब्द हटकून अवतरतो आणि संक्रांत उलटेपर्यंत तेथून हलत नाही. रस्त्याच्या कडेला निजणाऱ्यांना घोंगड्या वाटल्या, आश्रमशाळेतील मुलांना स्वेटर दिले, वृद्धाश्रमात चादरी पोचवल्या, की बातमीच्या माथ्यावर ‘मायेची ऊब’ हे दोन शब्द बसलेच म्हणून समजावे. ही सारी कामे सत्कार्ये आहेत आणि ती करणाऱ्यांविषयी माझ्या मनात निखळ आदर आहे. परंतु शब्दांच्या व्यवहाराची ज्याला आस्था आहे त्याच्या हेही ध्यानात यावयास हवे की, जो शब्द दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत गोठ्यात, खळ्यावर, माजघरात, बाळंतिणीच्या खोलीत आणि आंब्याच्या आढीत दिवसरात्र राबत होता, तो आता एकाच ठराविक विशेषणाचे बोट धरून केवळ सभासमारंभात वावरू लागला आहे, आणि त्याच्या नित्याच्या कामाच्या जागी ‘उष्मायन’, ‘तापमान-नियंत्रण’, ‘वॉर्मर’ अशा शब्दांची नेमणूक झाली आहे. ऊब हा भावनेचा शब्द आहेच. पण त्याआधी तो कामाचा शब्द आहे, उष्णतेची एक विवक्षित मात्रा आणि एक विवक्षित वर्तन सांगणारा काटेकोर शब्द आहे, आणि त्याला त्याचे काम परत मिळाले पाहिजे, एवढेच या लेखात मांडावयाचे आहे.

उष्णतेच्या बाबतीत मराठी भाषा दरिद्री नाही. जाळाची धग, तव्याखालची आच, वैशाखातील उन्हाची झळ, कढत पाण्याचा चटका, पाऊस ओसरल्यानंतरच्या दिवसांतला उकाडा, अंगातला ताप, जखमेचा दाह, उन्हाने पोळलेल्या मातीचा फुफाटा, यांतील प्रत्येक शब्द उष्णता कोठून येते, किती अंतरावरून लागते आणि शरीराचे काय करते याचा तपशील देतो. धगीपासून माणूस मागे सरतो, झळ टाळण्यासाठी डोक्यावर पदर घेतो, चटका बसताच हात झटकतो. ऊब मात्र अशी एकच की तिच्याकडे माणूस आपण होऊन सरकतो. तिची क्रियापदेही निराळी आहेत. ऊब येते, लागते, मिळते, देता येते, घेता येते, धरून ठेवता येते. ती पेटत नाही, भडकत नाही, विझत नाही, फार तर सरते. जुन्या चुलीला एक मुख्य तोंड असे आणि बाजूला वैल असे. मुख्य तोंडावर आच. त्या आचेतून उरलेली, मधल्या पोकळीतून वाट काढीत वैलाकडे आलेली जी मंद उष्णता, तिच्यावर आमटी सावकाश मुरत राही आणि दुधाचे पातेले न उतू जाता तापून राही. एकाच लाकडाच्या उष्णतेचे हे दोन हिस्से घरातल्या बाईला वेगळे ओळखता येत होते, आणि म्हणून भाषेलाही ते वेगळे ठेवता आले.

या शब्दाची वंशावळ पाहू लागले की तो किती लांबून चालत आला आहे हे कळते. संस्कृतात उष् हा धातू जाळणे, भाजणे या अर्थाचा. त्यापासून एकीकडे उष्ण आणि दुसरीकडे ऊष्मन् म्हणजे उष्णता, वाफ, हे शब्द निघाले. प्राचीन शिक्षाकारांनी, म्हणजे उच्चारशास्त्र सांगणाऱ्यांनी, श, ष, स, ह या वर्णांना ऊष्मन् हीच संज्ञा दिली, कारण त्यांच्या उच्चारात श्वास वाफेसारखा घासत बाहेर पडतो. शाळेतल्या व्याकरणात ‘उष्मे’ म्हणून मुले जे पाठ करतात ते हेच. विशेष हा की, ऊष्मन् या शब्दाच्या मध्यभागी असलेला ष हा स्वतःच एक ऊष्म वर्ण, आणि लोकांच्या तोंडी शब्द झिजू लागला तेव्हा सर्वांत आधी तोच झिजला. प्राकृतात ‘ष्म’ या जोडाक्षराचे ‘म्ह’ होते; ग्रीष्माचे गिम्ह झाले, तसे ऊष्म्याचे उम्हा झाले. पुढे या ‘म्ह’चा ‘म्भ’ आणि ‘म्भ’चा ‘ब’ होण्याची वाट मराठीत चांगली मळलेली आहे. श्लेष्मन् या भारदस्त वैद्यकीय शब्दाचे प्राकृतात सेंभ झाले आणि मराठीत लहान मुलाच्या नाकातला शेंबूड झाला. त्याच वाटेने उम्ह्याची ऊब झाली. संस्कृत पोथीतून उचलून आणलेला शब्द आणि असा शेकडो वर्षे अनवाणी चालत आलेला शब्द यांत मी नेहमी दुसऱ्याच्या बाजूने उभा राहीन, कारण त्याच्या प्रत्येक झिजलेल्या अक्षरामागे बोलणाऱ्यांच्या असंख्य पिढ्या उभ्या असतात.

ऊन हा उबेचा सख्खा भाऊ. उष्णाचे प्राकृतात उण्ह झाले आणि मराठीत ऊन. कृष्णाचा कण्ह होऊन कान्हा झाला, तृष्णेची तण्हा होऊन तहान झाली, त्याच रीतीने. उष्णकालाचा उन्हाळा झाला आणि हिमकालाचा हिवाळा. मराठीने या ऊन शब्दाकडून दोन कामे करून घेतली : नाम म्हणून तो सूर्याचा प्रकाश आणि ताप दोन्ही सांगतो, आणि विशेषण म्हणून ‘ऊन ऊन भात’ या प्रयोगात ताटातली वाफ सांगतो. कोकणीत हाच शब्द ‘हून’ असे रूप घेऊन ‘हून उदक’ म्हणून गोव्याच्या घराघरांत नांदतो आहे. आम्ही मराठी माणसे सकाळच्या कोवळ्या उन्हात बसतो त्याला ‘ऊन खाणे’ म्हणतो, आणि या प्रयोगाइतका नेमका प्रयोग मला दुसरा सुचत नाही, कारण थंडीत आखडलेले अंग त्या वेळी खरोखरच भुकेल्यासारखे ते ऊन घेत असते. शुद्धलेखनाच्या दृष्टीनेही ही भावंडे एकाच नियमात बसतात. मराठी साहित्य महामंडळाचे जे नियम १९६२ साली शासनाने मान्य केले, त्यांनुसार ऊब, ऊन यांतला उकार दीर्घ, पण प्रत्यय लागताच तो ऱ्हस्व होतो : उबेत, उबदार, उन्हात. ‘ऊबेत’, ‘ऊबदार’ असे जे सर्रास छापले जाते ते चूक आहे.

शेजारच्या भाषांनी या वडिलोपार्जित मिळकतीची वाटणी वेगवेगळी करून घेतली. हिंदीत ऊष्म्यापासून ‘उमस’ हा शब्द आला, पण तो दमट, घुसमटवणारा, जीव नकोसा करणारा उकाडा सांगतो. सुखद उष्णता सांगण्याचे काम तिथे ‘गरमाहट’ करते. गुजरातीत आपल्या उबेचा नेमका अर्थ ‘हूंफ’ या शब्दात आहे. हिंदीत ‘ऊब’ असाही एक शब्द आहे, पण त्याचा अर्थ कंटाळा. तो आपल्या ‘उबग’ या शब्दाच्या जवळचा, आणि उबग हा उद्वेगाच्या कुळातला. उद्वेगाचे उव्वेग, उव्वेगाचे उबग, असा तो प्रवास. ऊब आणि उबग यांचे चेहरे सारखे दिसतात, परंतु त्यांच्यात रक्ताचे नाते नाही. ‘फार ऊब झाली की उबग येतो’ अशी जी एक फोड कधीकधी ऐकू येते ती कल्पनारम्य असली तरी तिला आधार नाही, आणि व्युत्पत्तीच्या क्षेत्रात आधारावाचून काही सांगू नये, हा शिरस्ता कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ १९४६ साली प्रसिद्ध झाल्यानंतर तरी आपण पाळावयास हवा.

येथे गरम या शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण उबेची जागा ज्याने बळकावली म्हणून त्याच्यावर परकेपणाचा आरोप ठेवला जातो तो हा शब्द. गरम फारसीतून आला हे खरे. दप्तर, कचेरी, मामलेदार, फडणीस यांच्याबरोबर तो दक्षिणेत उतरला आणि घरोघर स्थिरावला. परंतु फारसीतला ‘गर्म’ आणि वेदांतला ‘घर्म’ हे एकाच प्राचीन मुळाचे दोन कोंब होत, आणि घर्माचे प्राकृतात घम्म होऊन मराठीत जो शब्द उरला तो म्हणजे ‘घाम’. म्हणजे गरम आणि घाम ही चुलत भावंडे. एक इराणातून फिरून आले, दुसरे घरीच राहून कष्टले. ग्रीकांचा ‘थर्मोस’ हाही याच घराण्यातला, त्यामुळे प्रवासात चहा गरम ठेवणारा आपला थर्मासदेखील घामाचा दूरचा आप्तच ठरतो. भाषाशुद्धीच्या वादात फारसी शब्दांना हद्दपारीचा हुकूम फर्मावणाऱ्यांनी या नात्यांचा विचार पुरेसा केला नाही, असे मला वाटते. गरमाला घालवून देण्याची काहीच आवश्यकता नाही. गरम पाणी गरमच राहू द्यावे. परंतु जिथे गरम म्हटले असता मात्रा चुकते, तिथे ऊब आणावी. तान्ह्या मुलाला कोणी गरम करीत नाही, त्याला ऊब देतात; आणि हा भेद ज्या दिवशी पुसला जाईल त्या दिवशी भाषेने एक मोजमाप गमावलेले असेल.

ते मोजमाप कोणते हे समजून घ्यावयाचे तर कोकणातल्या आंब्याच्या आढीकडे जावे. हापूस झाडावर पिकू देत नाहीत. तो तयार झाला पण हिरवा आहे अशा अवस्थेत देठासकट उतरवतात, देठाचा चीक अंगावर ओघळू न देता निथळू देतात, आणि मग घराच्या एखाद्या कोरड्या, फार वारा न लागणाऱ्या खोलीत जमिनीवर भाताचा पेंढा अंथरून त्यावर फळांचा थर, त्यावर पुन्हा पेंढ्याचा पातळ थर, पुन्हा फळे, अशी आढी घालतात. आता या खोलीत शेगडी नसते, दिवा नसतो, उष्णतेचे कोणतेही बाहेरचे साधन नसते. तरीही दोन-तीन दिवसांनी पेंढ्यात हात घातला तर आत बाहेरच्यापेक्षा अधिक उष्णता जाणवते. ती येते कोठून? ती फळांचीच असते. झाडावरून उतरवले तरी फळ श्वसन करीत असते, आणि पिकण्याच्या वेळी आंब्याचे श्वसन एकदम वाढते. त्या श्वसनातून उष्णता निघते, फळातून इथिलीन वायू सुटतो, तो शेजारच्या फळाला पिकण्याची चेतना देतो, आणि पेंढा ही उष्णता व हा वायू दोन्ही काही काळ अडवून धरतो. पेंढ्याचे काम निर्माण करण्याचे नाही, राखण्याचे आहे. जाणती माणसे दर एक-दोन दिवसांनी आढी उकलून फळे चाचपतात, पिवळी झालेली बाजूला काढतात, उरलेली पुन्हा झाकतात. ऊब कमी पडली तर फळ आंबूस राहते, जास्त झाली तर डागाळते. हा सारा हिशेब हाताच्या तळव्याने होतो, आणि त्या हिशेबाचे एकक ऊब हे असते. कॅल्शियम कार्बाइडची पुडी पेटीत टाकून दोन दिवसांत साल पिवळी करण्याचा जो प्रकार बाजारात शिरला, तो कायद्याने निषिद्ध आहे आणि आरोग्यास घातक आहे. परंतु त्याचा आणखी एक दोष असा की त्यात बाहेरचा रंग पिकतो आणि आतला रस मागे राहतो. आढीतल्या उबेला घाई करता येत नाही, आणि तिने पिकवलेला आंबा कापण्याआधीच घरभर कळतो.

मला येथे या शब्दाचा गाभा सापडतो. ऊब म्हणजे बहुधा सजीवाची स्वतःचीच उष्णता, कोणीतरी राखून धरलेली. खुडूक बसलेली कोंबडी २१ दिवस अंड्यांवरून उठते ती दाणापाण्यापुरती. तिच्या पोटाखालची पिसे झडतात आणि उघडी पडलेली त्वचा अंड्याला भिडते, ३७ अंशांच्या थोड्या वरची उष्णता त्याला सतत लागत राहते, ती चोचीने अंडी फिरवते म्हणून ती सर्व बाजूंनी सारखी लागते. आणि निम्मी मुदत उलटल्यानंतर तर आतला जीव स्वतःच उष्णता निर्माण करू लागतो. या क्रियेला मराठीने ‘उबवणे’ म्हटले. भाजणे, शेकणे, तापवणे ही क्रियापदे हाताशी असताना यांपैकी एकही न घेता उबेपासून नवे क्रियापद घडवले, यात भाषेची निरीक्षणशक्ती दिसते. गोधडीचेही तेच. जुनी, धुऊन धुऊन मऊ पडलेली लुगडी एकावर एक अंथरून, कडेपासून आत आत सरकत जाणाऱ्या धावदोऱ्याने ती शिवतात. त्या थरांमध्ये जी हवा अडकून राहते ती अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. गोधडीला स्वतःची उष्णता नसते, ती आपली आपल्याला परत करते. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी, चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेली, पहिल्यांदा अंगाला टोचते. पण लोकर हवेतली ओल शोषून घेते तेव्हा तिच्यातून थोडी उष्णता बाहेर पडते, म्हणून पावसाच्या भुरभुरीत खोळ करून डोक्यावर घेतलेली घोंगडी मेंढपाळाला उबदार वाटते ती केवळ समजुतीने नव्हे.

अर्थात शब्दाची वहिवाट या व्याख्येच्या कुंपणाबाहेरही जाते हे मान्य केले पाहिजे. दिवसभर तापलेल्या दगडी भिंतीला सायंकाळी पाठ टेकली तर तीही ऊब, राखेखालच्या निखाऱ्याचीही ऊबच. कडाक्याच्या थंडीत निफाडकडचे बागायतदार पहाटे द्राक्षबागेत जागोजाग शेकोट्या पेटवतात आणि विहिरीचे पाणी वेलींना सोडतात, कारण त्या वेळी भूगर्भातून आलेले पाणी हवेहून उबदार असते. या प्रयोगांतही अतिरेक नसलेली, टिकून असलेली उष्णता हा अर्थ अभंग राहतो.

उबेला एक काळी बाजूही आहे आणि तिचा उल्लेख टाळला तर शब्दाशी अन्याय होईल. ओलसर धान्य पोत्यात भरले, पेंढा न वाळवता गंजी रचली, की आत ते ‘उबते’. दाणाही श्वसन करतो, त्यावर बुरशी वाढते, या साऱ्यांची उष्णता कोंडली जाते आणि धान्याला उबट वास येतो. साठवणीचे धान्य वाळवून त्यातली ओल १२ टक्क्यांच्या आसपास आणावी असे कृषिशास्त्र सांगते ते याचसाठी. बाजार समितीत माल पाहणारा जाणता व्यापारी पोत्याच्या तोंडावरचे दाणे पाहून थांबत नाही. तो बाही सारून कोपरापर्यंत हात आत खुपसतो आणि क्षणभर तसाच ठेवतो. मधला दाणा उबला असेल तर त्याला यंत्रावाचून कळते. फळाला पिकवणारी आणि दाण्याला नासवणारी उष्णता एकच, मग भाषेने दोहोंना एकच धातू द्यावा हे उचितच आहे. ज्याला ‘मायेची ऊब’ एवढेच ठाऊक आहे, त्याला ‘धान्य उबले’ हे वाक्य आता समजत नाही, आणि ही हानी मला भावनिक वाटत नाही, व्यावहारिक वाटते.

जिवंतपणाशी असलेले उबेचे नाते आपल्या परंपरेने फार पूर्वी ओळखले होते. पालीमध्ये ऊष्मन् या शब्दाचे रूप ‘उस्मा’ असे आहे, आणि मज्झिमनिकायातील महावेदल्ल सुत्तात आयु, उस्मा आणि विञ्ञाण म्हणजे जाणीव ही तिन्ही शरीर सोडून जातात तेव्हा ते अचेतन लाकडासारखे पडून राहते असा विचार आला आहे. त्याच संवादात आयुष्य उबेच्या आधाराने आणि ऊब आयुष्याच्या आधाराने टिकते, हे दिव्याची ज्योत आणि तिचा प्रकाश यांच्या दृष्टांताने समजावले आहे. एवढा सखोल विचार ज्या शब्दावर उभा राहिला तो आपल्या घरात ‘अंगात अजून ऊब आहे का पाहा’ या घाबऱ्या प्रश्नात जसाच्या तसा शिल्लक होता. भगवद्गीतेच्या ११व्या अध्यायात पितरांना ‘ऊष्मपा’ म्हटले आहे. अन्नात ऊष्मा आहे तोवरच पितर ते ग्रहण करतात अशी स्मृतिकारांची धारणा होती, आणि श्राद्धाच्या दिवशी पान ऊन ऊन वाढण्याचा जो आग्रह जुन्या घरांत असे त्याच्या मागे ही धारणा होती. जिवंतांची खूण ऊब आणि गेलेल्यांचे अन्नही ऊब, असा हा विचार आहे.

आता पारिभाषिक शब्दांकडे येतो, कारण माझी मुख्य तक्रार तिथे आहे. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय अस्तित्वात आले, आणि राज्यकारभार मराठीतून चालावा यासाठी तेव्हापासून कोशांचे जे प्रचंड काम झाले त्याची थट्टा करणाऱ्यांत मी नाही. शास्त्राला संज्ञा लागतात आणि पुष्कळदा त्या संस्कृतातूनच घडवाव्या लागतात. उष्मागतिकी हा शब्द मला खटकत नाही. रोगजंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळाला ‘अधिशयन काल’ म्हणतात, तिथेही ऊब आणावी असा माझा हट्ट नाही. परंतु जिथे उबवणे हेच काम चालते तिथे ‘उष्मायन’ कशासाठी? दोन्ही शब्द एकाच ऊष्म्याचे वंशज आहेत. एक लोकांच्या तोंडून आला म्हणून त्याला दुय्यम ठरवावयाचे आणि दुसरा कोशातून आला म्हणून त्याला सनद द्यावयाची, हा न्याय नव्हे. या बाबतीत पशुसंवर्धन खात्याचे अभिनंदन केले पाहिजे, कारण त्याने आपल्या संस्थांना ‘मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र’ असे सरळ नाव दिले, आणि त्या फलकासमोर उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला आत काय चालते हे कोणाला विचारावे लागत नाही. नवउद्योगांना जागा, सल्ला आणि आरंभीचे भांडवल पुरवणारी जी ‘इन्क्युबेशन सेंटरे’ महाविद्यालयांतून निघत आहेत, त्यांनीही हेच नाव घ्यावे. उबवण केंद्र म्हणण्यात काहीही उणेपणा नाही.

सर्वांत अधिक निकड आहे ती रुग्णालयांत. कमी वजनाचे, म्हणजे अडीच किलोच्या आतले किंवा दिवस पुरे होण्याआधीचे मूल जन्मले की त्याच्या जिवाला पहिला धोका असतो तो थंडीचा. त्याच्या वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्र मोठे, अंगावर चरबी थोडी, जन्मताना अंग ओले. त्यामुळे आपल्याला साधी वाटणारी हवादेखील त्याची उष्णता झपाट्याने ओढून घेते. त्याच्या अंगाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस राहिले पाहिजे. कोलंबिया देशातील बोगोटा येथे १९७८ साली एदगार रे आणि त्यांच्यामागोमाग हेक्टर मार्टिनेझ या डॉक्टरांनी, रुग्णालयातील ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या अपुऱ्या पडतात म्हणून, अशा बालकांना आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून, वरून कपड्याने बांधून ठेवण्यास आरंभ केला. हीच पुढे ‘कांगारू’ पद्धती म्हणून जगभर मान्य झाली आणि आपल्या सरकारी रुग्णालयांतही ती शिकवतात. यंत्राची आई आणि आईचे यंत्र यांतला विरोधच या पद्धतीने मिटवला. पण ती समजावून सांगणारी पत्रके वाचावीत : ‘बालकाचे शारीरिक तापमान नियंत्रित राखण्याकरिता त्वचा-संपर्क पद्धतीचा अवलंब करावा’ अशा थाटाचा मजकूर त्यांत असतो. ज्या बाईचे मूल काचेच्या पेटीत आहे, जी तीन रात्री नीट झोपलेली नाही, आणि जिची शाळा चौथीत सुटली, तिच्यासाठी हा मजकूर लिहिला आहे असे मानणे कठीण आहे.

शिवाय तिच्याभोवती जुन्या समजुतींचेही वेढे असतात. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून ओवा-शेपांची धुरी देण्याची रूढी अजून अनेक घरांत आहे. तिच्या मागचा हेतू उबेचाच आहे हे खरे, पण दारेखिडक्या लावलेल्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवली तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो आणि आई व मूल दोघांच्या जिवावर बेततो. मूल जन्मताच त्याला न्हाऊ घालण्याचीही घाई होते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिले स्नान निदान २४ तास लांबवावे, कारण त्या स्नानाने नेमकी ऊबच जाते. या रूढी मोडावयाच्या तर आजीच्या शब्दाला आजीचाच शब्द भेटला पाहिजे. ‘शेगडीने धूर होतो, ऊब तुझ्या अंगात आहे’ हे वाक्य ती ऐकेल. ‘तापमान नियंत्रण’ ती ऐकून घेईल आणि शेगडी पेटवील.

यास्तव सार्वजनिक आरोग्य विभागाने अशा पत्रकांची भाषा एकदा मुळापासून तपासावी अशी माझी विनंती आहे. अंशांचे आकडे परिचारिकेच्या तक्त्यावर असावेतच. आईच्या हाती पडणाऱ्या कागदावर मात्र, बाळाला कोरडे पुसा, आंघोळ आज नको, छातीशी उघडे धरा, वरून पांघरूण घ्या, डोक्याला टोपडे घाला, त्याला तुमची ऊब लागू द्या, इतक्या लहान आणि इतक्या सरळ वाक्यांत सांगावे. मजकूर तयार करताना ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे जे सात विभाग दाते आणि कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात सिद्ध केले ते टेबलावर असावेत, आणि कागद छापखान्यात जाण्यापूर्वी प्रसूती कक्षातल्या एखाद्या आईला तो मोठ्याने वाचून दाखवावा, ती जिथे अडेल तिथला शब्द बदलावा, आणि मगच छपाईचा हुकूम द्यावा.